गोड्या डोहाचं कुंपण

नणंद-भावजयीचं भांडण स्वयंपाकघरात होतं, अशी जगाची समजूत आहे. शिरोबंदरच्या मेतरांच्या घरातल्या भांडणाचं मूळ मात्र समुद्राच्या तळाशी होतं, बारा वाव पाण्याखाली. बारा वाव म्हणजे उंचातला उंच माड शेंड्यासकट उभा बुडेल एवढं पाणी. आणि त्याचा निवाडा करायला दोन सरकारी खात्यांचे साहेब, पुण्याचा एक इंजिनियर आणि सगळं गाव बसलं.

नणंद सानिका. चौतिशीची, सडसडीत, पोटात एक आणि ओठात एक हे जिला कधी जमलं नाही अशी. कॉलेजात जायच्या वयात ती पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना समुद्राखाली फिरवायला लागली, आणि मग जमिनीवर तिचा जीव कधी रमलाच नाही. भावजय दर्शना. कुडाळच्या आतल्या अंगाची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन समुद्राकाठी आली खरी, पण घोट्याच्या वर पाणी लागलं की ती मागे पळे. माणसांच्या गर्दीला मात्र ती कधी घाबरली नाही, म्हणून गावाने तिला सरपंच केलं. दोघींना जोडणारा दुवा म्हणजे मंदार, एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा. तो चार वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. तेव्हापासून घरात या दोघीच होत्या, आणि खरं सांगायचं तर सख्ख्या बहिणींना जमणार नाही इतक्या गुण्यागोविंदाने राहत होत्या.

भांडणाचं कारण होतं एक बुडालेलं गलबत.

किनाऱ्यापासून होडीने अर्ध्या तासावर, समुद्रतळाच्या जांभ्या दगडात एक प्रचंड खड्डा होता. हजारो वर्षांपूर्वी समुद्र मागे होता तेव्हा तिथे जमीन होती. वर जांभ्याची टणक पाठ आणि खाली मऊ माती. पावसाच्या पाण्याने खालची माती हळूहळू वाहून नेली, आत पोकळी झाली आणि एके दिवशी छप्पर कोसळलं. पुढे समुद्र वर आला नि खड्डा त्याच्या पोटात गेला. पण पावसाच्या पाण्याने आपली जुनी वाट सोडली नाही. गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, पडलेला पाऊस जांभ्यात मुरायचा, भेगाभेगांतून उतरत समुद्राच्या खालून जायचा आणि या खड्ड्याच्या तळातून वर यायचा. भर समुद्रात, चक्क गोडं पाणी! जुने मच्छीमार त्याला गोडा डोह म्हणत.

गोडं पाणी हलकं, त्याला वर पळायचं असतं. खारं पाणी जड, त्याला खाली घुसायचं असतं. डोहाच्या तोंडाशी ही दोन पाण्यांची रेटारेटी कायम चाललेली असे, आणि खालचा झरा जोरकस म्हणून समुद्राला दाराबाहेर थांबावं लागे. जिथे दोन्ही पाणी भेटत, तिथे उन्हातल्या डांबरी रस्त्यावर दिसते तशी थरथर दिसायची. ती ओलांडून खाली गेलं की सगळं लख्ख.

त्या लख्ख पाण्यात बसलं होतं अडीचशे वर्षांपूर्वीचं सागवानी गलबत. डोलकाठी बुंध्यापाशी मोडलेली, बाकी सगळं शाबूत. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललेली. काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे टाकेसुद्धा मोजता येत होते. मंदार आणि सानिकाने ते शोधलं तेव्हा देशभरचे तज्ज्ञ धावत आले. कारण आपल्या उबदार समुद्रात लाकडी जहाज असं टिकत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. खरं तर तो किडा नव्हेच, शिंपल्याचा भाऊबंद आहे. शिंपला मात्र डोक्यापुरता उरलेला, आणि त्या शिंपल्याची कानस करून तो लाकडात शिरतो. आत लांबच लांब वाढतो, बाहेर श्वासासाठी केसाएवढ्या दोन नळ्या तेवढ्या ठेवतो. वरून फळी धडधाकट दिसते आणि आतून भुगा झालेली असते. पाच-दहा वर्षांत आख्खं जहाज फस्त! पण गोड्या पाण्यात हा मरतो. डोहाने गलबताला अडीचशे वर्षं सांभाळलं ते असं.

पुढे गलबत संरक्षित ठरलं आणि सानिका त्याची सरकारी रक्षक झाली. पगार बेताचा, पण वर्षाकाठी मोजक्या पर्यटकांना गलबत दाखवायची परवानगी मिळाली आणि त्यावर घर चालायला लागलं. खरी डोकेदुखी ट्रॉलरची होती. तळ खरवडत जाणारं त्यांचं जाळं एकदा डोहावरून फिरलं असतं तर गलबताच्या काटक्या झाल्या असत्या. खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या सरकारी बोया ट्रॉलरवाल्यांनी दोनदा कापून नेल्या. मग मंदारने डोकं लढवलं. पडलेल्या माडांचे सोट गोळा केले, त्यांना लोखंडी आकडे ठोकले आणि डोहाच्या काठाने दगडांच्या खाचांत उभे रोवले. पहिल्याच मोसमात तीन जाळी फाटली आणि ट्रॉलर त्या बाजूला फिरकेनासे झाले. सोट कुजत, म्हणून दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर नवे घालावे लागत. मंदार गेल्यावरही सानिकाने हे काम सोडलं नाही. गावातले जुने होडीवाले भिवा तांडेल यांची होडी घेऊन ती एकटी दर वर्षी कुंपण भरत असे. भावाचं श्राद्ध वहिनी करायची, आणि सानिका सोट रोवायची.

सगळं असं सुरळीत असताना छत्री आली.

आता शिरोबंदरची पाण्याची गत सांगायला हवी. समुद्र वर चढला तशा गावातल्या विहिरी एकामागून एक खारट झाल्या. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. गावात तरण्याताठ्या माणसांना रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार जडले. मे महिन्यात टँकर यायचा तो चिठ्ठ्या टाकून वाटला जायचा, आणि ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याने खारट चहा प्यायचा.

नचिकेत नावाचा पुण्याचा इंजिनियर एक काचेची पेटी घेऊन गावात आला. त्याने देवळासमोरच्या मांडवात पेटीत मिठाचं पाणी भरलं, तळाच्या नळीतून निळ्या शाईचं गोडं पाणी सोडलं आणि त्यावर एक पारदर्शक पिशवी उलटी धरली.

"बघा," तो म्हणाला, "गोडं पाणी हलकं आहे. मी ओढत नाहीये, ते आपण होऊन वर येतंय. मी फक्त वर छत्री धरलीय. छत्रीच्या शेंड्याला पाइप, पाइप गावाला. छत्रीच्या कडेला मिठाची चाहूल घेणारे तंतू आहेत. खारं पाणी आत यायला लागलं की कड आपोआप आवळते. वीज नाही, पंप नाही."

निळं पाणी शहाण्या मुलासारखं पिशवीत चढलं, तेव्हा मांडवातल्या बायकांच्या तोंडून एकदमच "गे बाय!" निघालं.

"आणि डोहाचं काय?" मागून सानिकाने विचारलं. "सगळं गोडं पाणी तुम्ही नेलंत तर आत समुद्र शिरेल. समुद्राबरोबर किडा."

नचिकेतने चष्मा काढला, पुसला. माणूस प्रामाणिक होता. "शिरेल," तो म्हणाला.

मांडवात गलका झाला. त्यातून भिवा तांडेलांचा घोगरा आवाज वर आला. "मेल्या गलबताक गोडा पाणी, आणि जित्या माणसांक खारा? खयचो न्याय हो?"

लोक हसले, पण त्या हसण्यात राग होता आणि तो सानिकाला कळला. पुढे बसलेल्या सरपंच वहिनीने मागे वळून पाहिलं नाही, तेही कळलं.

शेवटी असं ठरलं की पंधरा दिवस छत्री अर्धी उघडी ठेवून बघायची. मग दोन्ही सरकारी खात्यांच्या साहेबांपुढे सुनावणी. गलबताला इजा झाली की नाही हे रक्षकाने सांगायचं, आणि रक्षक ‘झाली’ म्हणाली तर छत्री कायमची निघणार. कायदाच तसा होता. म्हणजे गावाचं पाणी सानिकाच्या जिभेवर आलं.

छत्री बसली आणि बंदरावरच्या तात्पुरत्या नळाला गोडं पाणी आलं. धारेला धार, पहाटेपासून. बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. सानिकाने त्या पाण्याला हात लावला नाही. मेतरांच्या स्वयंपाकघरात दोन कळश्या दिसू लागल्या, एक नळाची आणि एक टँकरची. दर्शना एका कळशीतून पाणी घेई, सानिका दुसरीतून. भांडण अजून लागलं नव्हतं, नुसतं पाण्याखाली होतं.

ते लागलं चौदाव्या दिवशी. सानिका डोहातून वर आली ती ओल्या कपड्यांनिशी थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. गलबताच्या एका फळीवर तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली होती. भोकाभोकांतून केसासारख्या दोन-दोन नळ्या बाहेर डोलत होत्या.

"तुझ्या छत्रीन गलबताक किडो लावल्यान, वैनी."

दर्शना भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "बघलंस तू?"

"माझ्या डोळ्यांनी बघलंय. सुनावणीत सांगतलंय."

"सांग. तुझा कामच ता." दर्शनाने भाकरी तव्यावर टाकली. "पण माका एक सांग, सानू. तुझ्या गलबताक अडीचशे वर्सां गोडा पाणी मिळाला. तुझ्या भावाक मिळाला काय?"

सानिकाला हे अपेक्षित नव्हतं. "डॉक्टरान असा नक्की काय सांगल्यान नाय, पाण्यानच झाला म्हणान."

"नक्की सांगूक देव येवक व्हयो."

"गलबत तेना शोधल्यान, वैनी! तेचा नाव रवला ता तेच्यावर. तूच बुडवतंस?"

आता मात्र दर्शनाचे हात थांबले. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला. "तू तेची भयण. आणि मी तेची कोण गो?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि पीठ लागलेल्या हातांनीच मागीलदारी निघून गेली. भाकरी अर्धी कच्ची राहिली. त्या दिवशी मेतरांच्या घरात कोणी जेवलं नाही.

सानिकाला रात्रभर राग पुरला. सकाळी तिने ठरवलं की पुरावा असा आणायचा की साहेबांनाही तोंड उघडायला जागा उरू नये. तिच्याकडे खात्याने दिलेलं एक यंत्र होतं. मूठभर आकाराचं, फळीला चिकटवायचं. किडा लाकूड कुरतडताना जो बारीक खरखर आवाज करतो, तो ते ऐकतं आणि लाकडात किती किडे आहेत, केवढे आहेत, हे काचेवर दाखवतं. फार किडे असले की तो आवाज मोठा करून ऐकवतंही. यंत्राला काहीतरी इंग्रजी नाव होतं. मंदारने ते हाती आलं त्याच दिवशी त्याचं नाव कानोसा ठेवलं होतं आणि तेच राहिलं, पण डोहात किडा नाही या भरवशावर ते पेटीतच पडून असे.

भिवा तांडेलांनी होडी डोहावर धरली. सानिका उतरली. थरथर ओलांडून खाली गेली, तेव्हा तिला थरथर नेहमीपेक्षा खोल वाटली. समुद्राने दारात पाय टाकला होता. तिने छत्रीच्या बाजूने सुरुवात केली, कारण गोडं पाणी तिथेच कमी झालं होतं, म्हणजे किडा तिथेच जास्त असणार. कानोसा लावला. काचेवर काही नाही. पुढची फळी, काही नाही. त्याच्या पुढची, तुरळक.

तिने गलबताला वळसा घातला. पूर्वेकडची बाजू, छत्रीपासून सगळ्यात दूरची आणि काठाला सगळ्यात जवळची. तिथे कानोसा लावला आणि काच भरून गेली.

हे उलटंच झालं. सानिकाने आकडीने एका भोकाची कड उकलली, आणि आतला किडा हळूच ओढला. तो येत राहिला, येतच राहिला. वीतभर लांब. पंधरा दिवसांत हा प्राणी वीतभर होत नाही. निदान सहा महिने तो इथे राहत होता. छत्रीचा तेव्हा पत्ताही नव्हता.

पाण्याखाली माणसाला आपलाच श्वास फार मोठ्याने ऐकू येतो. सानिकाचा श्वास भरभर चालू लागला, हवेचा काटा खाली सरकू लागला. ती पूर्वेकडे वळली. कानोसा पुढे धरून काठाच्या दिशेने चढत गेली. वर, डोहाच्या अगदी तोंडाशी, माडाचे सोट रांगेने उभे होते. गेल्या साली रोवलेले, त्याच्या आधीच्या सालचे, त्याच्याही आधीचे. तिने पहिल्या सोटाला कानोसा लावला.

कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला.

तिने सोटाला हाताने ढकललं. तो मधोमध मोडला, आणि आतून चुनखडीच्या नळ्यांचा जुडगाच बाहेर आला. सोट कुजत नव्हते, खाल्ले जात होते. काठावरच्या खाऱ्या पाण्यात बहीण-भावाने दर वर्षी नेमाने किड्याला ताजं लाकूड वाढलं होतं. तिथे त्याची पिढ्यान् पिढ्या पैदास झाली. आणि दर मे महिन्यात, झरा दमला आणि समुद्र दारातून जरा आत आला, की लाखो पिल्लं समोरच्या गलबतावर जाऊन बसत होती. समुद्र वर चढल्यापासून या बाजूला थोडं खारेपण वर्षभर राहत होतं, त्यावर ती तगत होती. मंदारचा आजा असता तर त्याने पहिल्याच दिवशी दोघांच्या कानाखाली वाजवली असती. लाकडी होड्यांच्या काळात समुद्रात लाकूड टाकून ठेवणं म्हणजे किड्याला आवतण, हे शेंबडं पोरही जाणत होतं. पण फायबरच्या होड्या आल्या, दोन पिढ्या गेल्या, आणि मच्छीमारांचं गाव किडा साफ विसरलं. ट्रॉलर दिसत होते, म्हणून त्यांच्यासाठी कुंपण घातलं. किडा दिसत नव्हता.

ती वर आली. भिवा तांडेलांनी तिला होडीत ओढून घेतलं. "काय गो बाय, गावला काय पुरावो?"

"गावलो," सानिका म्हणाली, आणि ओणवी होऊन होडीच्या तळाशी बसून राहिली.

होडी परतत असताना तिच्या मनात जे आलं ते सांगायलाच हवं, कारण ते कोणाच्याही मनात आलं असतं. पुरावा फक्त तिच्याकडे होता. भोकं खरी होती, छत्रीही खरी होती. साहेब पोहणारे नव्हते. नचिकेत यंत्राचा माणूस, त्याला किड्याचं वय कुठून कळणार? ‘छत्रीमुळे किडा लागला’ एवढे तीन-चार शब्द बोलायचे, की छत्री गेली. मंदारच्या कुंपणाबद्दल कोणी एक अक्षर काढणार नाही, रक्षकाची नोकरी राहील, आणि गलबत दिसत राहील. तिला त्या गलबताचं काय वेड होतं हे गावाला कधी कळलं नव्हतं. चार वर्षं ती तिथे उतरत होती ती भावाला भेटायलाच.

पण दिसत राहील ते किती दिवस? किडा आत शिरला होता. छत्री काढली तरी दर मे महिना येणारच होता. गलबत वाचवायची एकच रीत तिला माहीत होती. जाड कापड अंथरायचं आणि वर पुरुषभर वाळू टाकायची. किड्याच्या श्वासाच्या नळ्या बुजल्या की तो गुदमरून मरतो. वाळूखाली नवा शिरत नाही. गोडं पाणी असो, खारं असो, गलबत आणखी पाचशे वर्षं टिकेल. फक्त ते पुन्हा कोणाला दिसणार नाही. तिलाही नाही.

बंदर जवळ आलं. नळावर बायकांची रांग होती, आणि रांगेत शेवटी सरपंच असूनही कळशी घेऊन दर्शना उभी होती. सानिकाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला रडू कोसळलं. भिवा तांडेलांना वाटलं, खारं पाणी डोळ्यांत गेलं असेल.

सुनावणी मांडवातच झाली. साहेबांना नारळपाणी दिलं. सानिका उभी राहिली.

"किडा लागलाय," ती म्हणाली.

एक मोठा उसासा मांडवभर गेला. नचिकेतने मान खाली घातली. दर्शना ताठ बसली होती, तशीच राहिली.

"पण छत्रीने नाही लागला, साहेब. आम्ही लावला. मी आणि माझ्या भावाने." तिने टेबलावर मोडका सोट ठेवला आणि त्यातल्या नळ्या सगळ्यांना दाखवल्या. "कुंपणानेच शेत खाल्लं. ट्रॉलर येऊ नयेत म्हणून मंदारने माडाचे सोट रोवले, आणि तो गेल्यावर..."

"तेचा नाव घेव नको!"

आवाज दर्शनाचा होता. ती उठून उभी राहिली होती. जिचा फायदा होत होता तीच संतापली होती. "सगळ्या गावासमोर तेका कित्याक उभो करतंस? तो जबाब देवक येतलो काय? माका नको असला पाणी!"

"वैनी, खाली बस."

"नाय बसणंय!"

"मग उभी रव, पण आयक." सानिकाने सोटावर हात ठेवला. "तो असतो तर हो सोट तेनाच हडे आणून ठेवल्यान असतो. तुका म्हायत नाय? तेका कधी खोटा बोलूक जमला?"

दर्शनाने नणंदेकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले, आणि भिवा तांडेलांनी उगाचच दोनदा खाकरून घेतलं.

सानिकाने पुढचं सांगितलं. सगळे सोट काढून बंदरावर आणून जाळायचे. गलबतावर कापड घालून वाळू टाकायची, म्हणजे तळ खरवडणारं जाळंही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मग छत्री पुरी उघडायची.

मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही सांभाळलेलं गलबत तुम्हीच पुरायला सांगताय. परत ते कोणी बघू शकणार नाही. आणि तुमच्या रक्षकपदाचं काय?"

"दिसलं नाही तरी ते असेल, साहेब. आणि वाळूला कसला रक्षक?"

हुकूम झाला. खाडीच्या तोंडाशी वाळू साचून होड्यांना त्रास होतच होता, तीच उपसायची ठरली. माणसं गावातलीच, होड्या गावातल्याच. ज्यांनी ‘मेलं गलबत’ म्हणून हेटाळणी केली होती, ते सगळ्यात आधी फावडी घेऊन आले. सोट निघाले, बंदरावर वाळले आणि जळले. दोन-तीन दिवस गावाला त्यांचा उग्र वास होता.

घरात मात्र दुरावा होता. दोघी आपापलं काम करत, एकमेकींना वाढत, आणि कामापुरतं बोलत. टँकरची कळशी सानिकाने केव्हाच उलटी करून ठेवली होती. वाळू टाकायचा दिवस जवळ आला तेव्हा एका सकाळी चहाचा कप पुढे करत दर्शना म्हणाली, "माका दाखव."

"काय?"

"गलबत. दुसरा काय?"

सानिकाने कप खाली ठेवला. घोट्याच्या वर पाणी लागलं की जी मागे पळते, ती बाई! पण तिने हसण्यावारी नेलं नाही. आठवडाभर ती वहिनीला खाडीच्या उथळ पाण्यात घेऊन गेली. पहिल्या दिवशी मुखवटा चढवताना दर्शना करवादली, "ह्या काय तोंडार बसवलंस? म्हशीक मुसका घालतत तसा!" दुसऱ्या दिवशी पाण्यात जाताच तिने सानिकाच्या मानेला अशी मिठी मारली, की दोघीही नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बाहेर आल्या आणि मग वाळूत बसून पोट धरून हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून डोकं पाण्याखाली घातलं. सातव्या दिवशी ती म्हणाली, "चल. आता धीर सुटाच्या आधी ने."

डोहावर त्या दिवशी समुद्र निवांत होता. वाळूने भरलेल्या होड्या लांबवर थांबल्या होत्या. कापड आदल्या दिवशीच घातलं होतं, नाळेपाशी तेवढं उघडं ठेवलं होतं. दोघी दोरी धरून उतरल्या. दर्शनाची नखं सानिकाच्या मनगटात रुतली होती. सानिका दर थोड्या वेळाने थांबे, तिच्या डोळ्यांत बघे, ती मानेने ‘चल’ म्हणे. थरथर आली. ती ओलांडली.

आणि समोर नाळ उभी राहिली, सोनेरी-तपकिरी, उंच, जणू आत्ता कोणीतरी सुकाणू सोडून गेलंय.

मनगटावरची नखं सुटली. दर्शना स्वतःच पुढे गेली. तिने नाळेवर तळहात ठेवला, मग दुसराही. काथ्याच्या टाक्यांवरून तिने बोटं फिरवली, एक टाका, दुसरा, तिसरा. कपाळ टेकवायला गेली तर मुखवटा लाकडावर आपटला. सानिका जरा मागे थांबली. हवेच्या काट्याने परवानगी दिली तेवढा वेळ तिने वहिनीला दिला, आणि मग खांद्याला हात लावला.

होडीत आल्यावर दर्शनाने मुखवटा काढला. तिच्या गालांवर त्याचे वळ उठले होते. भिवा तांडेलांनी दिलेला टॉवेल तिने नुसताच हातात धरला आणि पाण्याकडे बघत राहिली.

"तो दर वर्सा माझ्या मागे लागी," ती म्हणाली. "एकदा तरी खाली ये, तुका दाखवतंय. दरवेळेक मी तेका एकच सांगलंय. मी इलंय, तर घरात पाणी कोण भरतला?"

 सानिकाने वहिनीचा ओला हात घट्ट धरला, दुसरा हात वर केला आणि वाळूच्या होड्यांना पुढे यायची खूण केली.